आभाळाचा ळ

"सरक थोडा. शिफ्ट मी दाबतो, अक्षर तू दाब."

पंचवीस वर्षांपूर्वी हा आवाज शाम आडेच्या डाव्या कानात शिरला. त्यानंतर त्या कानात जिनिंगचा कापूस गेला, साहेबांची बोलणी गेली, तीन मोबाइलच्या रिंगा गेल्या. सगळं आलं तसं निघून गेलं. तो आवाज मात्र विहिरीतल्या पारव्यासारखा आतल्या आत घुमत राहिला.

बोलणारी होती बबिता. तेव्हा ती नदीपलीकडच्या तांड्यावरची मुलगी होती, आता शामची बायको आहे. आणि वऱ्हाडात बाई 'मी दाबतो' म्हणते. त्यानं व्याकरणाला काही इजा होत नाही.

महागावात तेव्हा 'शिखर कॉम्प्युटर' नावाचा क्लास होता. खोली एक, मशीन तीन, म्हणून एका मशीनवर दोघं. मारोतराव सर दारात उभे राहून आधी पोरांचे पाय बघत, मग तोंड. "चपला बाहेर! पायाच्या धुळीतूनच व्हायरस येते." शामनं हे बरीच वर्षं खरं मानलं, आणि घरात कोणाला ताप आला तरी तो आधी त्याच्या चपला शोधी.

मराठी टायपिंग म्हणजे टाइपरायटरच्याच कळा. अर्धी अक्षरं साध्या कळेवर, अर्धी शिफ्टच्या आसऱ्याला. नवख्या बोटाला शिफ्ट सापडेपर्यंत भलतंच अक्षर काचेवर उमटून मोकळं होई. यावर बबितानं तोडगा काढला तो असा: शिफ्ट तिची, अक्षर त्याचं. जात्यावर दोघी बसतात तेव्हा खुंटा एकच असतो. एकीच्या तोंडून ओवीची पहिली ओळ निघते, दुसरीच्या तोंडून दुसरी, आणि पीठ कोणाचं हे कोणी विचारत नाही. तसं त्या बाकावर चाले. 'र' एकट्या शामचा. 'भ' दोघांचा. शामला त्या दिवसांत भ असलेले शब्द फार सुचत.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी सरांनी फाइलला कुलूप लावायला शिकवलं. शामनं धीर एकवटून दोघांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: 'जिंदगीभर माझ्यासोबत एकाच मशीनवर बसशील का?' आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायला बाहेर पळाला. जनरेटर क्लासचा नव्हता, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा होता. तरी त्यानं तो नीट तपासला.

परत आला तेव्हा बबितानं खाली काहीतरी लिहून पान वर सरकवून ठेवलं होतं. काच कोरी.

"आता नाई वाचाचं," ती म्हणाली. "उद्या उघडजो. कुलूप दोघं मिळून लावू. आभाय."

आभाय म्हणजे आभाळ. शामनं अक्षरं दाबली, तिनं शिफ्ट सांभाळली. काचेवर शब्द दिसला नाही, सहा चांदण्या उमटल्या; काना-दांडीच्याही कळा वेगळ्या. मशीननं तोच शब्द पुन्हा मागितला. पुन्हा सहा चांदण्या. फाइल फ्लॉपीत गेली, फ्लॉपी शामच्या खिशात गेली आणि बबिता तांड्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी शामनं एकट्यानं 'आभाळ' टाकलं. मशीन म्हणालं, पासवर्ड चुकीचा. त्यानं सात वेळा टाकलं. मशीन सात वेळा तेच म्हणालं, आवाजही न चढवता. आठवड्याभरात मारोतराव सरांना मास्तरची नोकरी लागली, तिन्ही मशीन टेम्पोत बसून दूर गेली, आणि फ्लॉपी विधवा झाली.

तीन वर्षांनी दोघांचं लग्न झालं. बबिताचा मामा बोलणं घेऊन आला, तांड्याच्या नायकानं जुळवलं, दोन्ही बापांनी मान डोलावली. सगळं एका दुपारात. शाम हवेत तरंगत होता. पण तरंगणाऱ्याच्या पायात एक काटा होता. हो म्हटलं ते बापानं. तिनं काय म्हटलं होतं? आणि तिनं मुद्दाम खोटा शब्द दिला असेल तर? म्हणजे तेव्हा तिचं उत्तर नाही होतं, आणि ती आली ती नायकाच्या शब्दावर? लग्नाच्या चौथ्या दिवशी त्यानं एकदाच विचारलं, "त्या फाइलमंधी काय लिवलं होतं?"

"उघडून पाहा ना," बबिता म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

त्या दिवसापासून ती त्याला 'तुमी' म्हणते. ती अंगणवाडी सेविका झाली, मुलगी उज्ज्वला शिकून पुण्याला नोकरीला लागली, शाम एका कचेरीत वरिष्ठ लिपिक झाला. भांडण गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा भाषेत, बाकीचं वऱ्हाडीत, असा संसार चालला. काटा होता तिथंच होता. फक्त त्याच्याभोवती कातडी मऊ झाली होती.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. आत प्लास्टिकच्या पिशवीत ती फ्लॉपी, आणि भोवती कडुनिंबाचा पाला. पाला हिरवा होता. हे शामच्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्याला दिसलं नाही.

त्यानं लगेच उज्ज्वलाला फोन लावला.

"बाबा, मला पाठवून द्या," ती म्हणाली. "असले जुने पासवर्ड पाच मिनिटांत तुटतात. काय आहे त्यात?"

"कचेरीचं आहे," शाम म्हणाला आणि फोन ठेवला. मुलीनं बापाचं कुलूप फोडायचं, आणि आत बापाचं हृदय निघायचं! शिवाय पाच मिनिटांत? जी गोष्ट पंचवीस वर्षं उघडली नाही ती पाच मिनिटांत उघडली तर त्या पंचवीस वर्षांनी कुठं तोंड दाखवायचं? नाही. त्या काळचं त्या काळातच उघडायचं. तसंच मशीन, तशीच काच, तसाच बाक.

त्यानं यादी केली. मागं कुबड असलेला मॉनिटर. साय धरलेल्या दुधाच्या रंगाचं कॅबिनेट. पोटात गोळी असलेला माउस. बत्तीस एमबी मेमरी. विंडोज अठ्ठ्याण्णव. यादी कचेरीच्या पद्धतीनं तीन प्रतींत होती. एक बबिताला दिली. तिनं तिच्यावर मेथी निवडली.

मॉनिटर शामच्या तांड्यावर देवीलालच्या घरी मिळाला. देवीलाल म्हणजे शामचा चुलतभाऊ. त्यानं तो अंगणात ठेवला होता, आणि उन्हानं त्याची पाठ तापते म्हणून एक कोंबडी त्याच्यावर बसून अंडी उबवत होती. "पिल्लं निघू दे, मंग ने," देवीलाल म्हणाला. सरकारी कामात शामनं बरीच प्रतीक्षा पाहिली होती. पण कोंबडीच्या सोयीनं तारीख मिळणं हा त्याच्या सेवेतला पहिलाच प्रसंग. एकवीस दिवसांनी मॉनिटर आला. त्यावर एक पीस चिकटलं होतं ते त्यानं तसंच राहू दिलं.

कॅबिनेट पुसदच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिसलं. रंग तोच, थाट तोच. शाम ते मांडीवर घेऊन एसटीनं घरी आला, तर फाटकात डोमाजी काका उभे. डोमाजी काका शेजारी. चाळीस वर्षं कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले. आता मशीन गेलं, पण बोटं राहिली. बोलता बोलता त्यांची बोटं स्वतःच्या मांडीवर सगळं टाइप करत असतात, आणि वाक्य संपलं की अंगठा कडेला आपटतो.

"उघड बरं," काका म्हणाले. झाकण काढलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आतल्या हिरव्या पाटीवर नाक टेकवलं. "फसला तू, शाम. बोर्डावर जन्मतारीख छापून राह्यते. हे दोन हजार पाचचं हाय. वय लपवलं त्यायनं."

"पण रंग तं जुना हाय, काका."

"उन्हात ठेवलं का मीबी जुना दिसतो."

तरी शामनं ते ठेवून घेतलं. सोयरिकीत एवढं चालायचंच. आता विंडोज; आत होतं ते नवं निघालं. देवीलालनंच एक सीडी पाठवली. वर स्केचपेननं लिहिलं होतं '९८'. शामनं हात धुऊन ती घातली. आतून निघालं देवीलालचं लग्न, सन अठ्ठ्याण्णव, कॅसेटवरून उतरवलेलं.

बंद करावं असं त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात नवरीनं ढावलो धरला. आमच्याकडे नवरी माहेर सोडताना आईच्या, बहिणींच्या गळ्यात पडून सूर लावते. रडणं आणि गाणं यांच्या मधल्या पाऊलवाटेवरून तो सूर चालतो, आणि ऐकणाऱ्याचे पाय नकळत त्याच्या मागं जातात. चित्र मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं. शामनं मान वळवली तर बबिता उंबरठ्यावर उभी. ती या खोलीत येत नसे. 'चपला बाहेर' अशी पाटी शामनं दारावर लावल्यापासून तर नाहीच. जे काही बोलायचं ते उंबरठ्यावरून.

"बम रडली होती देवीलालची," ती म्हणाली. "मी नाई रडलो."

"काहून?"

"कायले रडू? कुकर लागला," ती म्हणाली आणि गेली.

खरी सीडी शेवटी मारेगावच्या एका फोटोवाल्याकडे मिळाली. ती चढवली, तर मशीन म्हणालं, मेमरी पुरेशी नाही. शामनं डोमाजी काकांना बोलावलं. काकांना टाइपरायटरपलीकडचं काही कळत नसे, पण त्यांनी न कळण्याला सल्ल्याच्या आड कधी येऊ दिलं नाही. "आणखी टाक," ते म्हणाले. आणखी टाकली. मशीन म्हणालं, मेमरी पुरेशी नाही. पुण्याहून उज्ज्वलानं उलगडा केला: कमी नाही बाबा, जास्त झालीय. जुन्या विंडोजला इतकी पेलवत नाही, मग ते गोंधळून कमी आहे म्हणतं.

आठवणींचा ढीग झाला की जुन्या जीवाला एकही धड आठवत नाही, हे शामला आपल्या याडीवरून, म्हणजे आईवरून, ठाऊक होतं. शेवटच्या दिवसांत ती सगळ्यांना 'बाळा' म्हणायची. मशीनचा राग आला होता तो उतरला.

म्हणजे खरोखर त्याच काळचं मशीन हवं. आणि ते कुठं आहे हे शामला पक्कं माहीत होतं. त्याच्याच कचेरीच्या भांडारात. नोंदवहीत लिहिलं होतं: 'संगणक, नग एक, चालू'. भांडाराचा हरिसिंग शामचा जुना सोबती. पण खुर्चीत बसला की तो सोबती राहत नसे, नियम होई.

"ते निर्लेखित करून, वहीतून काढून, मले दे ना," शाम म्हणाला.

"चालू वस्तू निर्लेखित होत नाई, आडेसाहेब."

"चालू कुठं हाय? त्याच्यात पालीनं घर केलं."

"कागदावर चालू हाय."

"मंग वापराले दे."

"बंद वस्तू वापराले कशी देऊ?"

हा नियम शामनंच गेल्या वर्षी एका शिक्षकाला ऐकवला होता, आणि तेव्हा त्याला तो फार देखणा वाटला होता. आता तोच नियम त्याच्या अंगावर शेपूट ताठ करून उभा होता. शामनं रीतसर अर्ज केला. अर्ज त्याच्याच टेबलावर आला. त्यानं 'अपूर्ण' असा शेरा मारून तो स्वतःला परत पाठवला, कारण दुसरी प्रत जोडायची राहिली होती. तत्त्व म्हणजे तत्त्व.

शेवटी हरिसिंगलाच दया आली. "नोंदवहीत नग एक लिवलं हाय. कोणता नग ते नाई लिवलं. तुमच्याकडं दुसरा नग असंल तं..."

तर असा तो दोन हजार पाचचा वयचोर भांडारात जाऊन 'चालू' झाला, आणि अठ्ठ्याण्णवचा खरा म्हातारा पालीसकट शामच्या घरी आला. पालीला सन्मानानं बाहेर सोडलं. शामनं मशीनमधून मूठभर धूळ काढली, पंख्यात अडकलेलं कापसाचं बोंड काढलं, बत्तीस एमबीची पट्टी पुसली. बाक शाळेच्या भंगारातला आणला, एवढासा.

आणि एका दुपारी, खिडकीतून तुरीच्या शेताचा पिवळा उजेड आत येत असताना, मशीन घरघरलं, खाकरलं, आणि काचेवर ढगांचं आभाळ उगवलं. फ्लॉपी आत गेली. करकर, करकर, दळण निघाल्यासारखा आवाज. फाइल होती. पंचवीस वर्षांची, एकुलती एक. शामनं टिचकी मारली. मशीननं पासवर्ड मागितला.

आभाळ. सहा चांदण्या.

पासवर्ड चुकीचा.

तोच स्वर. आवाजही न चढवता.

पुढचे आठ दिवस शाम त्या बाकावर होता. डोमाजी काका रोज चार वाजता येत, पाटी वाचून चपला बाहेर काढत आणि सल्ले आत आणत. "ती 'आभाय' म्हणाली ना? मंग ळ कायले टाकतं? य टाक." य टाकला, नाही. आकाश टाकलं, गगन टाकलं, बबिताच्या तांड्याचं नाव टाकलं. नाही. नवव्या दिवशी शामनं कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले.

"काका, शब्द खोटाच होता. आता पटलं मले."

"थांब. टाकला कोणी होता?"

"आमी दोघांनी. अक्षर मी, शिफ्ट बबिता."

डोमाजी काकांची बोटं मांडीवर चालता चालता थबकली. "आभाळात दोन शिफ्ट येतात," ते हळूच म्हणाले. "एक 'भ'ले, एक 'ळ'ले. त्यातली एखादी तिच्या हातून सुटली असंल तं?"

"चुकून?" शामच्या जीवात जीव आला.

"चुकून कसं? मशीन दोनदा इचारते. चूक एकदा होते बाप्पा. दोन्ही वेळेस तेच झालं, तवाच कुलूप लागलं." एवढं बोलून काकांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते खिडकीबाहेरची तूर बघायला लागले.

म्हणजे मुद्दामच. शामचा चेहरा मशीन बंद केल्यावर काच होते तसा झाला. मधोमध एक ठिपका उरतो आणि तोही विझतो.

दारात हालचाल झाली. बबिता चहा घेऊन उंबरठ्यावर उभी होती. किती वेळची, कोण जाणे. तिनं चहाचे कप खाली ठेवले, पायातल्या स्लिपर काढून काकांच्या चपलांशेजारी लावल्या, आणि आत आली.

"सरका थोडं."

बाक खरंच लहान होता. शाम अर्धा हवेत गेला. तिनं डावा हात शिफ्टवर ठेवला.

"टाका."

आ. भ; तिनं शिफ्ट दाबली. मग शामचं बोट शेवटच्या कळेवर गेलं, आणि त्यानं बघितलं की तिनं आपलं बोट अलगद वर उचललं आहे. कणसावरून पाखरू उठावं तसं. त्यानं कळ दाबली. सहावी चांदणी.

फाइल उघडली.

आत मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, आडवेतिडवे, जिनिंगच्या दारात सांडलेल्या सरकीसारखे. शाम ओरडलाच. सगळं त्या काळचं आणलं, पालसुद्धा आणली. आणि शिखर क्लासचा मराठी फॉन्ट तेवढा आणायचा राहिला! तो सरांच्या मशीनबरोबर टेम्पोत बसून गेला होता.

पण डोमाजी काका पुढं वाकले होते. त्यांचे डोळे काचेवर आणि बोटं मांडीवर. प्रत्येक इंग्रजी अक्षराची कळ त्यांची बोटं शोधत होती, आणि त्या कळेवरचं मराठी अक्षर त्यांच्या ओठांवर मुक्यानं उमटत होतं. पहिली ओळ झाली, त्यांनी शामकडं पाहिलं. दुसरी ओळ सुरू झाली. अंगठा कडेला आपटला. म्हाताऱ्याच्या मिशीखाली हसू फुटलं.

"काय हाय, काका? सांगा ना!"

"काकाजी," बबिता म्हणाली, "चहा बाहेर घ्या. उन्हात बरं वाटंल."

"हाव हाव," होकार देत काका उठले. दारात चपला घालता घालता, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "ळ अन् ह ची कळ एकच राह्यते. शिफ्ट नाई दाबली तं ह पडते." आणि गेले.

खोलीत मशीनची घरघर उरली. आता त्या घरात शाम तेवढा एकटा निरक्षर राहिला होता.

"नाई म्हणून शिफ्ट नाई दाबली?" त्यानं विचारलं.

बबिता काचेकडं बघत होती. काचेवरून ते कोंबडीचं पीस तिनं दोन बोटांनी काढलं.

"मले वाटलं होतं," ती म्हणाली, "फाइल उघडणार नाई, मंग तू दुसऱ्या दिवशी तांड्यावर येशील. शब्द इचारायले. मी ओट्यावर बसून राह्यलो, आठ दिवस. तू आलाच नाई. मंग तीन वर्सं वाट पाहून मीच मामाच्या मागं लागलो, आडेकडं पाहा म्हणून. तुले वाटते नायकानं जुळवलं."

तू. शामनं ते ऐकलं. बावीस वर्षांच्या 'तुमी'खालून ते जसंच्या तसं निघालं, कडुनिंबाच्या पाल्यातून निघावं तसं. आणि तेव्हा कुठं त्याच्या डोक्याला तो पाला दिसला. हिरवा. दरवर्षी कोणीतरी बदललेला.

"अन् फाइलमंधी?"

"आभायातला ह कायचा होता, तेवढंबी नाई समजलं तुले?" बबिता म्हणाली. तिनं बोट काचेवर टेकवून त्या सरकीसारख्या अक्षरांवरून सावकाश फिरवलं, आणि वाचून दाखवलं.

"हाव. पण शिफ्ट मीच दाबीन."